वाफेच्या यंत्राला पाणी

आमच्या घरात सकाळी गॅसवर पहिलं चढतं ते चहाचं भांडं नव्हे. आधी एका पातेल्यात नुसतं पाणी उकळतं. त्या पाण्याने आप्पांच्या वाफेच्या यंत्राचे भाग धुवायचे असतात आणि ते कोमट व्हायला वेळ लागतो, म्हणून त्याचा मान पहिला. मग चहा, मग भाकरी, भाजी, डबे. पाण्याला बुडबुडे येईपर्यंत मी ओट्याला टेकून उभी असते. झोप पुरी झालेली नसते. कधी कधी वाटतं, आपलं निम्मं आयुष्य पाण्याची वाट बघण्यातच चाललंय. आधी नळाला यायची, मग उकळायची, मग निवायची.

आप्पा म्हणजे माझे वडील. मंद्रूपला, आमच्या गावी, त्यांनी उभा जन्म पिठाच्या गिरणीत काढला. गिरणी दुसऱ्याची, चालवणारे आप्पा. ते तिला चक्की म्हणायचे. संध्याकाळी घरी यायचे ते भुवया, कानाची भोकं, हातावरचे केस सगळं पांढरं होऊन. त्या पिठावर मी शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. गावच्या शाळेतून मी सोलापूरला वसतिगृहात आले, बी.ए., बी.एड. झाले, शिक्षिका म्हणून लागले, लग्नही इथेच झालं. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा आप्पांच्या छातीचा फोटो उजेडाला धरून विचारलं, "हे काम काय करत होते?" मी म्हटलं, "पिठाची गिरणी." त्या नुसतं "हं" म्हणाल्या. त्या एका "हं"मध्ये माझी फी, माझी पुस्तकं, माझी पदवी सगळं आलं. मला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

आई गेल्यापासून आप्पा मंद्रूपला एकटेच राहत होते. दिवाळीनंतर थंडी पडली आणि त्यांचा दम इतका वाढला की शेजाऱ्यांनी गाडी करून त्यांना सोलापूरला आणलं. दवाखान्यात नाकाला नळी लावून दिवस काढले. सुटका झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी औषधांसोबत हे यंत्र घ्यायला लावलं. त्याचं नाव नेब्युलायझर. आप्पांना ते म्हणता येत नाही असं नाही, पण ते म्हणत नाहीत. ते त्याला "वाफेचं यंत्र" म्हणतात. खरं तर त्यात वाफ नसते. जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी असते, ती घुर्र आवाज करत हवा सोडते. ती हवा नळीतून एका छोट्या कपात जाते. कपात औषध ओतलेलं असतं, त्याचं धुकं होतं आणि ते तोंडाला लावलेल्या मास्कमधून छातीत जातं. दिवसातून तीनदा. प्रत्येक वेळी ते झालं की कप आणि मास्क सुटे करून धुवायचे.

धुणं ऐकायला सोपं वाटतं. कप उघडायचा, आतली पांढरी टोपी काढायची, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून बोटाने हळू चोळायचं, उकळून निववलेल्या पाण्याने विसळायचं, झटकायचं आणि स्वच्छ पंचावर पालथं घालून वाळू द्यायचं. कापडाने पुसायचं नाही, कारण कापडाचे तंतू आणि त्यावरचे जंतू आत राहतात. नळी धुवायची नाही. तिच्यात ओल दिसली तर यंत्र नुसतं चालवून ती वाळवायची. दिवसाआड व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून त्यात सगळं बुडवून ठेवायचं आणि पुन्हा विसळायचं. हे सगळं यंत्राच्या खोक्यातल्या इंग्रजी माहितीपत्रकात होतं. मी ते वाचून आप्पांना मराठीत सांगत होते, तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "किती सरळ वाचतीस गं. एकदा बी अडकली न्हाईस." धुण्याबद्दल त्यांनी काय ऐकलं होतं ते मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी घरातली सगळी पिंपं, बादल्या, घागरी भरायच्या आणि पुढचे दिवस त्यावर काढायचे. पिंपातलं दोन-तीन दिवसांचं पाणी आप्पांच्या कपाला लावायला माझं मन धजत नाही, म्हणून उकळणं आलं. व्हिनेगरसाठी मी नवी पेठेतल्या एका दुकानात जाते. मोठ्या बाटल्या घेते. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने बाटल्या पिशवीत घालता घालता विचारलं, "मॅडम, चायनीजचा गाडा टाकला काय कुठं?"

"वडिलांसाठी लागतं."

"वडील चायनीज खातात?"

मी थकलेली होते. म्हटलं, "हो, तीन वेळा." तो हसला आणि सुट्टे पैसे परत देताना म्हणाला, "मग गोबी मंच्युरियनला बोलवा एकदा." त्याला खरं काय ते सांगायला मला रस्त्यावर उभं राहायची ताकद नव्हती. हाताला, ओढणीला, वर्गात खडू धरलेल्या बोटांना तो आंबट वास येत राहायचा. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने एकदा विचारलंही, "बाई, तुम्ही डब्यात लोणचं आणलंय का?"

नवरा वैरागला नोकरीला. सकाळी लवकर निघतो, अंधार पडल्यावर येतो. तो चांगला आहे. आप्पांना "मामा" म्हणतो, रविवारी त्यांची दाढी करून देतो. पण कप धुणं माझ्याकडेच राहिलं. सकाळचा मी शाळेला जायच्या आधी, रात्रीचा जेवणं झाल्यावर. दुपारी घरात कुणी नसायचं, म्हणून दुपारचा आप्पांचा आप्पांनी.

आप्पांना मंद्रूपला परत जायचं होतं. इथे आले त्या दिवसापासून त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. उघड बोलून दाखवायचे नाहीत, पण विषय कुठलाही असो, गाडी तिकडेच वळायची. भाकरी खाताना म्हणायचे, "ज्वारी बरी हाय. पर हितली चक्की लई गरम चालवत्यात. पीठ जळतंय." मंद्रूपच्या बाजाराचा दिवस आला की सकाळपासून गप्प असायचे. एकदा मी म्हटलं, "आप्पा, इथं काय कमी आहे?"

"कमी काय न्हाय, पोरी. कमी न्हाय हेच तर जड जातंय." थोड्या वेळाने म्हणाले, "लेकीच्या घरी पाव्हणा म्हणून बरा असतो माणूस. ऱ्हायाला लागला की लोक जावयाच्या तोंडाकडं बघत्यात."

"जावई काही बोललाय का?"

"न्हाय की. त्यो बोलत न्हाय म्हणून तर."

मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जाऊ देत. पण दोन गोष्टी. छाती आहे त्यापेक्षा मोकळी झाली पाहिजे, आणि यंत्राची स्वच्छता त्यांना स्वतःला जमली पाहिजे. घाणेरड्या कपातून जंतू सरळ छातीत गेले तर पुन्हा दवाखाना. आणि या वेळी सोपं जाणार नाही." हे मी आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "म्हंजे परीक्षा हाय म्हण की. करू पास." त्या दिवसापासून आमच्या घरात हीच एक गोष्ट पणाला लागलेली होती. आप्पा घरी जाणार की नाही. आणि ते ठरणार होतं एका प्लास्टिकच्या कपावर.

पण छाती मोकळी होईना. दर तपासणीला डॉक्टरबाई पाठीला नळी लावायच्या आणि कपाळाला आठी घालायच्या. "तीन वेळा घेतात ना नक्की?" "हो, घेतात." दुपारची औषधाची रिकामी कुपी मी रोज केराच्या डब्यात बघत होते. तरी दुपारनंतर त्यांना धाप लागलेलीच असायची. संध्याकाळी मी घरी आले की ते भिंतीला टेकून, खांदे वर करून बसलेले दिसायचे. दोनदा कफ पिवळा झाला, दोनदा वेगळ्या गोळ्या सुरू झाल्या. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी असंच असेल तर औषध वाढवावं लागेल." मी अजून जास्त पाणी उकळायला लागले, अजून जास्त चोळायला लागले. दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

ऊन तापायला लागलं आणि शाळा सकाळची झाली. पहिल्या दिवशी मी दुपारी घरी आले तेव्हा आप्पा नुकतेच यंत्र घेऊन बसत होते. इतक्या महिन्यांत त्यांना दुपारचं औषध घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. चप्पल काढता काढता दारातूनच बघत उभी राहिले.

त्यांनी कुपीची मान मोडली आणि जवळपास निम्मं औषध कपात ओतलं. उरलेली कुपी जपून उभी करून ठेवली. यंत्र सुरू केलं. मास्क तोंडाला न लावता तसाच हवेत धरला. धुकं निघून खिडकीकडे जात होतं आणि ते त्याच्याकडे लक्ष देऊन बघत होते. मग यंत्र बंद केलं, कप उघडला, उरलेला थेंब खिडकीच्या गजावर टकटक आपटून झटकला, खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाने कप आतून गरगर पुसला, त्यात एक फुंकर घातली आणि राहिलेलं औषध ओतून, यंत्र पुन्हा सुरू करून मास्क तोंडाला लावला.

"आप्पा, हे काय केलंत?"

त्यांनी मास्क थोडा बाजूला केला. "काय केलं? साफ केलं की."

"पाण्याने नाही धुतला?"

"यंत्राला पाणी?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चुलीत पाणी ओतायला सांगत होते. "पाणी लागलं की यंत्र मेलं म्हणून समज. चक्कीला मी जन्मात कवा पाणी दावलं न्हाय. पाणी लागलं की आत लगदा हुतोय, मग वास मारतंय, मग आळ्या. साफ करायची म्हंजे पैल्यांदा मूठभर काढून टाकायचं. उपासाच्या दळणाला न्हाय का करत?"

मी तिथेच खाली बसले. मला सगळं एकदम कळलं.

एकादशीच्या आदल्या दिवशी आप्पांच्या गिरणीवर बायकांची रांग लागायची. भगर, राजगिरा दळायला घेऊन. गिरणीत आधी ज्वारी दळलेली असते, तिचं पीठ दगडात, चाळणीत, कापडी नळीत सगळीकडे बसलेलं असतं. ते उपासाच्या पिठात गेलं की उपास मोडला. म्हणून चांगला गिरणीवाला आधी त्याच भगरीतली एक मूठ चक्कीत सोडतो, ती दळून बाहेर काढतो, ज्वारीचा अंश तिच्याबरोबर निघून जातो, आणि मग बाकीची भगर घालतो. बायका विचारायच्याच, "आप्पा, मूठ काढलीसा का? न्हाईतर माझा उपास तुमच्या डोक्यावर बसंल." आप्पा त्यांना ती काढलेली मूठ वेगळ्या कागदात बांधून दाखवायचे. गावात दुसरी गिरणी होती, तिथे भाव कमी होता. तरी उपासाचं दळण आप्पांकडेच यायचं. लहानपणी मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

तोच माणूस आता रोज दुपारी आपल्या श्वासाचं निम्मं औषध खिडकीतून बाहेर सोडत होता. अगदी प्रामाणिकपणे. आणि उरलेलं घेत होता ते उपरण्याने पुसलेल्या कपातून.

"तुम्ही रोज असंच करता?"

"मग! तू एवढं उकळून, निवळून सकाळचं करतीस. दुपारचं मी तसंच टाकीन व्हय?"

मला रडू येत होतं आणि हसूही. दोन्हीसाठी अंगात जोर नव्हता. मी म्हटलं, "आप्पा, चक्की वेगळी. हे वेगळं. हे छातीत जातं."

"पीठ पोटातच जातंय की."

माहितीपत्रकात असल्या प्रश्नाचं उत्तर नसतं. मी उठले, पाणी प्याले, त्यांच्यासाठी पेला भरून आणला. तेवढ्या वेळात सुचलं. "पीठ तव्यावर भाजतं, आप्पा. त्यात काय असेल-नसेल ते भाकरीबरोबर भाजून निघतं. हे कच्चंच जातं आत. याला तवा नाही."

आप्पांनी हातातला मास्क उलटा करून कपात बघितलं. यंत्र तसंच घुर्र करत होतं. मग त्यांनीच ते बंद केलं.

"हां," ते म्हणाले. "मग धुवायला पायजे."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे दुपारचा डोस निम्माच होत होता. मग आत्ता काही वाढवायला नको. धुतलेल्या कपातून पूर्ण डोस जाऊ दे, मग बघू."

त्यानंतर आप्पांनी धुणं अंगावर घेतलं. शाळा सकाळची असल्यामुळे मी भल्या पहाटे पाणी उकळून झाकून ठेवायचे आणि निघायचे. सकाळचं औषधही आता ते मागाहून एकटेच घ्यायचे. घरी येऊन बघावं तर पंचावर कप, टोपी आणि मास्क ओळीने पालथे. पंचा चार पदरी घडी घातलेला, वरून जाळीचं झाकण. मला इतकी सुबक मांडणी कधी जमली नव्हती. दिवसाआडची व्हिनेगरची आंघोळही ते विसरत नव्हते. वाटीत बुडवलेला मास्क वर तरंगतो म्हणून त्यावर दाबायला त्यांनी एक छोटी काचेची बशी शोधून काढली होती. नवऱ्याने बघून विचारलं, "मामा, मास्कची भजी तळताय काय?" आप्पा म्हणाले, "तुमास्नी खायची असतील तर सांगा, जावई. आंबट हाईत."

कफ पांढरा झाला. पाठीला नळी लावून डॉक्टरबाई पहिल्यांदा "बरं आहे" म्हणाल्या. आप्पा बाहेर येताच म्हणाले, "पाडव्याला जातो." मी लगेच नाही म्हटलं नाही. त्यांनी मंद्रूपला शेजारच्या काकूंना फोन लावून घर झाडून ठेवायला सांगितलं. आवाज इतका मोठा केला की गल्लीत ऐकू जावं. "व्हय, व्हय, समदं जमतंय आता. डॉक्टर परास मी चांगलं धुतोय."

मीही मनातल्या मनात जायची तयारी करत होते. त्यांची नव्हे, माझी. पातेल्याशिवायची सकाळ कशी असेल याचा विचार यायचा. जास्तीची झोप, आधी चहा. असा विचार आला की अंग हलकं व्हायचं. आणि ज्या माणसाने मला वाढवलं त्याचा कप धुवायचा आपल्याला कंटाळा येतो, हे कळून पुन्हा जड व्हायचं. दोन्ही खरं होतं. थकवा कृतज्ञतेला ओळखत नाही.

एवढ्यात एक गोष्ट मला खटकत होती. चहा पिताना आप्पांचा हात थरथरायचा, बशीत चहा सांडायचा. विचारलं तर म्हणायचे, "म्हातारपण हाय. हात काय जन्मभर मोटरीवाणी चालत्यात व्हय?"

मग एक रविवार आला. नवरा कामाने बाहेर गेला होता. मी घरी होते तरी आप्पांनी मला कपाला हात लावू दिला नाही. "तू पेपर तपास. हे माझं हाय." मी आतल्या खोलीत उत्तरपत्रिका घेऊन बसले. यंत्राचा आवाज आला, थांबला. स्वयंपाकघरात भांड्याचा, पाण्याचा आवाज आला, तोही थांबला. मग थोडी शांतता. आणि मग पुन्हा यंत्राची घुर्र.

मला वाटलं नळी वाळवत असतील. पण आवाज थांबेना. मी उठून गेले.

आप्पा ओट्याखाली फरशीवर बसले होते. पाठ कपाटाला, पाय पसरलेले. तोंडाला मास्क. मास्कच्या काठावरून पाण्याचे थेंब गळत होते. नुकताच धुतलेला, ओलाच लावला होता. मानेच्या शिरा वर आल्या होत्या. मला बघून त्यांनी हाताने खूण केली, थांब. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. औषध संपेपर्यंत त्यांची पाठ चोळत राहिले.

मास्क काढून ते म्हणाले, "ओट्याशी उभं ऱ्हायलं की दम लागतोय. पातेलं उचलायचं, वाकायचं, चोळायचं, झटकायचं. दम लागला की परत घ्यावं लागतंय. घेतलं की परत धुवावं लागतंय. धुतलं की परत दम." ते थोडे हसले. "ही चक्की काय बंद पडंना."

"रोज?"

"सकाळच्याला. तू नसतीस तवा."

हाताची थरथर मला तेव्हा समजली. ते औषध जास्त झालं की हात थरथरतात, छाती धडधडते, हे डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

"सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर पाडवा गेला असता की."

त्यांच्या हातात तो कप होता. एवढासा, रिकाम्या अंड्यासारखा हलका. तो कसा धुवायचा हे त्यांना आता माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. नियम पाठ होते, हात स्वच्छ होते, मन लावून करत होते. कमी पडत होता तो श्वास, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं. मंद्रूपच्या घरात ओटा नाही, मोरीत वाकून धुवावं लागेल, पाणी बाहेरच्या हौदातून आणावं लागेल. दोघांच्याही डोळ्यांसमोर ते आलं असावं. कारण मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "न्हाय जमायचं, पोरी."

"बसून धुवायची सोय करू आपण. पाट घालते."

"हितं घाल. तितं पाट घालून पाणी कोण आणून देणार?"

मी कप त्यांच्या हातातून घ्यायला गेले. त्यांनी लगेच सोडला नाही. मग सोडला.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या रागावल्या, सकाळचा दुसरा डोस बंद म्हणजे बंद, आणि दोन दिवसांनी दाखवायला आणा म्हणाल्या. सोमवारी शाळेतून येताना मी सर्जिकलच्या दुकानातून तशाच कपाचे आणि मास्कचे आणखी दोन संच आणले. म्हणजे मी घरी नसताना त्यांनी काही धुवायचंच नाही. वापरलेलं बाजूला ठेवायचं, दुसऱ्या वेळी दुसरं घ्यायचं, आणि मी आले की तिन्ही संच एकदम धुवायचे. माझं काम यात कमी होत नव्हतं, थोडं वाढतच होतं. पण दिवसातून तीनदा धुवायच्या ऐवजी एकदा. मी स्वतःला तेवढ्यावर समजावलं.

आप्पांनी तिन्ही संच ओळीने मांडलेले बघितले. "एवढे?"

"एवढे."

"एकाच माणसाला तीन तोंडं झाली की."

मग त्यांनी मला मंद्रूपचा फोन लावून द्यायला सांगितलं. पलीकडून काकूंचा आवाज आला, घर झाडून झालंय, सारवून पण घेतलंय, कवा येतासा. आप्पांनी फोन कानाला धरला आणि जरा वेळ नुसता श्वास घेतला. आता बोलायच्या आधी त्यांना तो साठवावा लागतो.

"वैनी, येत न्हाय मी," ते म्हणाले. "माझं यंत्र हितंच बसवलंय. पोरगी चालवती."

पलीकडून काकू काहीतरी बराच वेळ बोलत होत्या. आप्पा "व्हय, व्हय" करत होते. मी पातेलं गॅसवर चढवलं आणि पाणी उकळायची वाट बघत उभी राहिले.